शेवट ठाऊक असलेली रात्र

दिवाळी सरली आणि धान घरात आलं, की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत पाहुण्यांची रीघ लागते. सासरी गेलेल्या लेकी येतात, जावई येतात, दूरच्या सोयऱ्यांना निरोप जातात. कारण गावात मंडईची जत्रा असते, कुठे शंकरपट असतो, आणि रात्री नाटक. पटावर कोणती बैलजोडी पुढे निघेल हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत जोडी सुटते, निकाल लागतो, आणि त्या काही सेकंदांवरून संध्याकाळपर्यंत हुज्जत चालते. रात्री मात्र तेच लोक तिकीट काढून मंडपात बसतात, तेव्हा पडदा उघडण्याआधीच त्यांना शेवट ठाऊक असतो. खलनायकाचं पाप उघडं पडणार, सोसणाऱ्या सुनेला न्याय मिळणार, दुरावलेले भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडणार. तरीही पहाटे पाचपर्यंत मंडप भरलेला राहतो.

सगळं आधीच माहीत असताना माणसं सहा-सात तास कडाक्याच्या थंडीत का बसतात?

हाच प्रश्न जगभर आणखी एका करमणुकीला विचारला जातो, आणि ती म्हणजे टीव्हीवर दिसणारी व्यावसायिक कुस्ती. डब्ल्यूडब्ल्यूईचे अंडरटेकर, जॉन सीना, द ग्रेट खली ही नावं या गावांतल्या पोरांनाही पाठ आहेत. पोरं टीव्हीला डोळे लावून बसतात आणि घरातलं मोठं माणूस जाता जाता म्हणतं, "अरे, ते सगळं खोटं असते." आपल्याकडे त्याला नेमका शब्दही आहे, नुरा कुस्ती. आखाड्यात नुरा कुस्ती हा अपराधच. तिथला प्रेक्षक निकाली कुस्ती पाहायला येतो, चीतपट झाल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही, आणि पैलवान आतून मिळालेले आहेत असा नुसता संशय आला तरी मैदान खवळतं. पण निकाल आधीच ठरलेला आहे हे सांगून-सवरून तिकीट विकलं तर? मग ती फसवणूक उरत नाही. ते नाटक होतं, आणि त्याला नाटकाचेच निकष लावावे लागतात.

अमेरिकेत हे अधिकृतपणे कबूल व्हायला १९८९ साल उजाडावं लागलं. आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असं डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) न्यू जर्सी राज्यापुढे मान्य केलं. खेळांवरच्या सरकारी नियंत्रणातून सुटका हवी होती, म्हणून. त्याआधी कित्येक दशकं या धंद्यातली माणसं निकाल ठरलेला असल्याचं गुपित जिवापाड जपत. गुपित फुटलं तर लोक पाठ फिरवतील, अशी धास्ती होती. गुपित फुटलं, पण लोकांनी पाठ फिरवली नाही.

प्रेक्षकांना खरं तर ते कधीपासूनच कळलेलं होतं. १९५० च्या दशकात मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि अवाढव्य देहाचा किंग काँग यांच्या लढती व्हायच्या. दारा सिंग हरावा म्हणून तिकीट काढणारे त्या गर्दीत फारसे नसणार. तो डोंगर कसा उचलला जातो आणि कसा आदळतो, ते बघायला लोक येत. त्याच दशकात, १९५७ साली, फ्रेंच विचारवंत रोलां बार्त याच्या 'मायथॉलॉजीज' या पुस्तकात पहिलाच लेख कुस्तीवर आला. मुष्टियुद्ध पाहणारा शेवट काय होईल याचा अंदाज बांधत असतो. कुस्ती पाहणाऱ्याला मात्र समोरच्या प्रत्येक क्षणी दुःख, पराभव आणि न्याय लख्ख दिसायला हवे असतात, अशी त्याची मांडणी. त्याने या खेळाची तुलना प्राचीन ग्रीक नाटकाशी केली. बार्तला वडसा ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, नाहीतर त्याला ग्रीसपर्यंत जावं लागलं नसतं.

वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. वैनगंगेच्या काठचं, गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं हे गाव म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथल्या नाटकाची मुळं दंडार, खडी गंमत अशा लोककलांत आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने झाडीबोली आणि दंडार यांवर आयुष्य वेचलं, म्हणून त्यातलं बरंच कागदावर टिकलं. शंभराहून अधिक वर्षं हे नाटक गावच्या पैशावर आणि गावच्या हौसेवर चालत आलं आहे. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि होळीच्या सुमारास संपतो. त्या चार महिन्यांत वडशाच्या कंपन्यांच्या गाड्या रोज रात्री नव्या गावात असतात. या उलाढालीला 'झॉलीवूड' असंही म्हणतात, आणि २०२२ साली तृषांत इंगळे यांनी त्याच नावाचा मराठी चित्रपटही केला.

एका रात्रीकडे जवळून पाहिलं, की अंदाज बांधता येणं ही किती मोलाची गोष्ट आहे ते उमगतं. नाटक साडेदहाच्या सुमाराला उभं राहतं. पुढे खुर्च्या, मागे जमिनीवर सतरंज्या, पोती, ब्लँकेटं. आईच्या कुशीत झोपलेली लेकरं. रंगमंचाच्या पुढ्यात खाली वादक बसलेले. मागे महाल, झोपडी, रस्ता, जंगल असे रंगवलेले पडदे. आणि वर, नटांच्या डोक्यावर, टांगलेले माईक. या माईकांनी अभिनयाची एक अख्खी पद्धत घडवली आहे. महत्त्वाचं वाक्य फेकायचं तर नटाला माईकखाली येऊन उभं राहावं लागतं. त्यामुळे खलनायक मिशीवर हात फिरवत, संथ पावलं टाकत मधल्या माईककडे निघाला, की मंडपाच्या शेवटच्या रांगेलाही कळतं: आता काहीतरी जळजळीत येणार. चार पावलांचं ते अंतर असतं, पण त्या चार पावलांत शिट्ट्या सुरू होतात, पोरं उठून बसतात, पेंगणारी आजी जागी होते. वाक्य अजून यायचंच आहे आणि टाळी तयार आहे.

कुस्तीच्या रिंगणात याचीच जुळी भावंडं दिसतात. जॉन सीना पडलेल्या माणसावर वाकून चेहऱ्यापुढे पंजा हलवायचा, अंडरटेकर गळ्यावरून अंगठा फिरवायचा, द रॉक हातावरचं कोपराचं कव्हर काढून गर्दीत भिरकावायचा. पुढचा डाव काय ते प्रत्येकाला कळलेलं असायचं, आणि म्हणूनच वीस हजार माणसं एका क्षणी उठून उभी राहायची. न सांगता मारलेल्या डावाला एवढी मोठी गर्जना मिळत नाही. लोकांना आधी कळावं लागतं, वाट पाहावी लागते, आणि वाट पाहून झाली की ते मिळावं लागतं. लग्नातल्या मंगलाष्टकांचंही तसंच आहे. 'सावधान' कधी येणार हे ठाऊक असतं म्हणूनच अक्षता मुठीत तयार असतात.

मग कसब कशात आहे? वेळेत. आणि वेळ लेखक ठरवत नाही, प्रेक्षक ठरवतो.

झाडीपट्टीत तालमींना फारशी सवड नसते. नट वेगवेगळ्या गावचे, आज एक नाटक, उद्या दुसरं, दिवसा प्रवास. अशा वेळी सगळी मदार प्रॉम्प्टरवर. विंगेत उभा राहून तो वाक्यं पुरवतो, पण चांगला प्रॉम्प्टर नुसती संहिता वाचत नाही, मंडपही वाचतो. पब्लिक रंगात असेल तर प्रवेश फुलू द्यायचा, थंड पडत असेल तर लांबलचक स्वगत आवरतं घ्यायचं आणि विनोदी नटाला लवकर आत ढकलायचं. डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात हे काम पंच करतो. त्याच्या कानात यंत्र असतं. किती वेळ उरला, लढत लांबवायची की आवरायची, हे मागच्या खोलीतून त्याला सांगितलं जातं, आणि पडलेल्या पैलवानाची विचारपूस करतोय असं दाखवत तो निरोप पोचवतो. पैलवानही मिठी घट्ट करता करता पुढचा डाव एकमेकांच्या कानात सांगतात. वरवर जी झुंज दिसते ती आतून दोघांची आणि गर्दीची मिळून चाललेली बांधणी असते.

गाणं आवडलं की मंडपातून 'वन्स मोअर' येतो. कोणी प्रेक्षक उठतो, कलाकाराच्या हातात बक्षिसाची नोट ठेवतो, माईकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. कथेत तेव्हा घरावर जप्ती आलेली असली तरी चालतं. जप्ती थांबते, गाणं पुन्हा होतं, मग जप्ती पुढे सुरू. शहरी समीक्षकाला यात रसभंग वाटतो. तो चुकतो. ज्याला कथेचा शेवट ठाऊक आहे, त्याला पुढे पळण्याची घाई नसते. आवडलेल्या जागी थांबायला त्याला मोकळीक असते, आणि ती मोकळीक ठाऊक असलेल्या शेवटानेच त्याला दिलेली आहे.

विनोदाचं गणित तर याहून सूक्ष्म. नायक-नायिका पुस्तकी मराठीत बोलतात, आणि विनोदी पात्र येतं ते झाडीबोली बोलत. 'पानी', 'कोन' असे घरचेच शब्द रंगमंचावरून ऐकू आले की मंडप हसतो, आणि त्या हसण्यात ओळख पटल्याचा आनंद असतो. गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे डॉ. परशुराम खुणे याच वाटेने मोठे झाले. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका अशी त्यांची नोंद सांगितली जाते. 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणून लोक त्यांना ओळखतात, आणि २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाच हजार रात्री लोकांसमोर उभं राहिलेल्या माणसाला कुठला शब्द कुठे हशा घेईल, हे कोणत्या नाट्यशाळेत शिकायला जावं लागत नाही.

खलनायकाची मिळकत वेगळी. त्याला शिव्या पडल्या तर त्याचं काम झालं. व्यावसायिक कुस्तीत दुष्ट पैलवानाला 'हील' म्हणतात आणि लोकांच्या संतापाला 'हीट'. पण या धंद्यातली जाणती माणसं संतापाचे दोन प्रकार करतात, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत. एक संताप पात्रावरचा असतो. हा नीच माणूस आहे, याला कोणीतरी झोडपा, असा. दुसरा करणाऱ्यांवरचा असतो. हे काय दाखवताय, बंद करा, असा. पहिल्याने तिकीट खपतं, दुसऱ्याने कंपनी बुडते. आवाज दोन्हींचा सारखाच मोठा, म्हणून फसायला होतं. झाडीपट्टीच्या मंडपात हा फरक आवाजावाचून कळतो. खलनायकाच्या नावाने ओरडणारी माणसं जागेवरच असतात. कंटाळलेली माणसं काही बोलत नाहीत. ब्लँकेटची घडी घालतात आणि चहाच्या टपरीकडे चालू लागतात.

हा फरक ओळखण्यात झालेली चूक डब्ल्यूडब्ल्यूईला २०१४ साली भर मैदानात भोवली. त्या जानेवारीत पिट्सबर्गला रॉयल रंबल ही तीस पैलवानांची लढत झाली. लोकांचा लाडका होता डॅनियल ब्रायन, बुटका, दाढीवाला, कष्टाने वर आलेला. कंपनीने त्याला त्या लढतीत घेतलंच नाही आणि बटिस्टाला जिंकवलं. शेवटचा, तिसावा पैलवान म्हणून रे मिस्टेरियो आला तेव्हा, एरवी सगळ्यांना आवडणाऱ्या त्या माणसाचीही गर्दीने हुर्यो केली. दोष त्याचा नव्हताच, तो ब्रायन नव्हता एवढंच. पुढे कंपनीला कथानक फिरवावं लागलं. ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्सला, रेसलमेनिया या कंपनीच्या सगळ्यात मोठ्या वार्षिक सोहळ्यात, ब्रायनने एकाच रात्री दोन लढती जिंकून किताब उचलला. पुढच्या जानेवारीच्या रॉयल रंबलमध्ये, फिलाडेल्फियात, तीच चूक पुन्हा झाली. रोमन रेन्सला नायक म्हणून जिंकवलं, त्याचा हात उंचवायला खुद्द द रॉकला आणलं, तरी लोक ओरडत राहिले. नायक कोण हे वरून सांगता येत नाही. पुढे काही वर्षांनी रेन्सला खलनायक केलं, तेव्हा तोच माणूस कंपनीचा सगळ्यात मोठा तारा झाला.

झाडीपट्टीत असं मतदान मंडपात होतं आणि त्याचा निकाल हंगामाच्या तोंडावर वडशाला लागतो. प्रयोग गावचं मंडळ ठरवतं. मंडळाची माणसं कंपनीच्या ऑफिसात येऊन बसतात. मागच्या वर्षी शेजारच्या गावात काय झालं ते त्यांनी ऐकलेलं असतं. "कॉमेडीले कोन हाये? गानी कोन म्हनते?" इथून बोलणं सुरू होतं. पैसा गावाचा, तिकीटविक्री गावाची, तोटा आला तर तोही गावाचा. त्यामुळे लेखकाला पुढचं नाटक लिहिताना त्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर ठेवावेच लागतात.

आता, सगळंच लोकांच्या अंदाजाप्रमाणे द्यायचं ठरवलं तर कला गोठणार नाही का? ही शंका रास्त आहे. ब्रायन जिंकला त्याच रात्री न्यू ऑर्लिन्सला आणखी एक गोष्ट घडली. अंडरटेकर रेसलमेनियात एकवीस लढती सलग जिंकलेला होता. बाविसावीही तोच जिंकणार, हे लोकांनी गृहीतच धरलं होतं. ब्रॉक लेस्नरने त्याला हरवलं. पंचाचा हात तिसऱ्यांदा जमिनीवर पडला आणि पंचाहत्तर हजारांच्या त्या स्टेडियममध्ये क्षणभर स्मशानशांतता पसरली. डोळे विस्फारून, तोंड उघडं टाकून बसलेल्या एका प्रेक्षकाचं दृश्य जगभर फिरलं. हा धक्का बसला कारण एकवीस वेळा तो बसला नव्हता. धक्का हा साठवलेल्या विश्वासाचा खर्च आहे. दर आठवड्याला धक्का द्यायला गेलं तर विश्वासाचं खातं रिकामं होतं आणि कोणाला काहीच वाटेनासं होतं.

झाडीपट्टीतले जाणते नाटककार हा खर्च जपून करतात. चौकट ओळखीची ठेवायची आणि तिच्यात नवं दुखणं आणायचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांनी 'आत्महत्या' हे शेतकऱ्याच्या मरणावरचं नाटक याच मंडपात आणलं. गाणी, विनोद, कुटुंब सगळं सवयीचं. विषय मात्र थेट बांधावरचा. दारूचा विषयही असाच पुनःपुन्हा येतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि तरीही दारूने मोडलेलं घर प्रत्येकाच्या ओळखीत आहे. शंभर वर्षांपूर्वी गडकऱ्यांनी लिहिलेलं 'एकच प्याला' इथे आजही परकं वाटत नाही. त्यातली सिंधू जाणार हे माहीत असतं. माहीत असूनही बायका पदर डोळ्यांना लावतात, कदाचित माहीत असल्यामुळेच अधिक.

२०२० साली करोना आला आणि या दोन्ही करमणुकींतून प्रेक्षकच वजा झाला. डब्ल्यूडब्ल्यूईने एप्रिलमध्ये फ्लोरिडाच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात, रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेलं रेसलमेनिया दाखवलं. डाव तेच, पैलवान तेच; पण पाठ आदळल्याचा आवाज नुसता घुमत राहिला, आणि आपण काय पाहतोय असा प्रश्न पाहणाऱ्याला पडला. ऑगस्टमध्ये मग त्यांनी रिंगणाभोवती मोठमोठे पडदे लावून घरी बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे त्यांवर आणले आणि साठवलेला गजर त्यात मिसळला. वडशाकडे असा उपाय नव्हता. हंगाम बुडाला आणि चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढणारी घरं अडचणीत आली. नट, वादक, पडदे ओढणारी पोरं, मंडपवाले, भजी तळणाऱ्या बाया, सगळेच.

आज धोका दुसऱ्या बाजूने आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. प्रेक्षकाचं ऐकायचं म्हणजे सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याचं ऐकायचं, असा अर्थ काही ठिकाणी लावला जातो. पुढच्या रांगांतल्या तरण्या पोरांच्या शिट्ट्यांसाठी कथेशी संबंध नसलेले नाच वाढतात. नाचाला झाडीपट्टीत विरोध कधीच नव्हता. दंडार हा नाचच आहे. पण नाच कथेला गिळू लागला की मागच्या सतरंजीवरची बाई लेकरू उचलून घरी जाते. ती ओरडत नाही, म्हणून तिचं जाणं मोजलं जात नाही. डब्ल्यूडब्ल्यूईनेही नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस असंच सवंग दाखवून गर्दी खेचली होती, आणि कुटुंबांना परत आणायला पुढे तिला आपला कार्यक्रम बराच स्वच्छ करावा लागला. झाडीपट्टीचं बळ तर मुळातच आजीपासून नातवापर्यंत सगळं घर एका मंडपात बसण्यात आहे. ते घर मोडलं तर वडशाच्या कोणत्याही जाहिरातीने पुन्हा उभं राहणार नाही.

पहाटे पाच-साडेपाचला भरतवाक्यासारखा शेवटचा प्रवेश येतो. खलनायकाच्या हातात बेड्या पडतात, आणि पेंगुळलेला मंडप त्याच्यावर एकदा शेवटचा ओरडून घेतो. पडदा पडला की सतरंज्या झटकल्या जातात. बाया सुनेच्या भूमिकेतल्या पोरीचं कौतुक करत, धुक्यातून घराकडे निघतात. मागे पडदे गुंडाळून गाडीत चढतात, त्या गुंडाळ्यांवरच एखादा प्रॉम्प्टर आडवा होतो. खलनायक झालेला नट टपरीवर चहा घेत असतो. रात्री गळा काढून त्याला शिव्या देणारा म्हातारा शेजारी येऊन उभा राहतो, चहाचे पैसे स्वतःच देतो आणि विचारतो, "आज कोन्या गावाले?"

नट गावाचं नाव सांगतो. नदीपलीकडे, तीस-चाळीस किलोमीटरवर. म्हाताऱ्याची लेक तिथंच दिलेली असते. आज रात्री आपणही येतो म्हणतो तो.